खोलीत बाहुली होती

विल्मर मॅक्लीनच्या दिवाणखान्यात सोफ्यावर त्याच्या लहान मुलीची चिंध्यांची बाहुली पडली होती. ९ एप्रिल १८६५ची दुपार. व्हर्जिनियातलं ॲपोमॅटॉक्स कोर्ट हाउस नावाचं चार घरांचं गाव. अमेरिकेच्या यादवी युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचा सेनापती रॉबर्ट ली केंद्राचा सेनापती युलिसिस ग्रँट याला शरण आला. त्यांची बैठक संपली आणि ग्रँटच्या अधिकाऱ्यांनी आठवण म्हणून घरातलं सामान उचलायला सुरुवात केली. ग्रँटने ज्या छोट्या टेबलावर अटी लिहिल्या ते शेरिडनने वीस डॉलरचं सोनं मोजून घेतलं आणि कस्टरच्या बायकोला भेट म्हणून पाठवलं. लीच्या पुढ्यातलं टेबल ऑर्डने चाळीस डॉलरला नेलं. बाहुली एकाने अशीच लांबवली. मॅक्लीन बिचारा व्यापारी. १८६१ मध्ये युद्धाची पहिली मोठी लढाई मनासासजवळच्या त्याच्या शेतावाडीच्या आसपास पेटली म्हणून तो उठून या आडगावात आला होता. चार वर्षांनी युद्ध त्याचा माग काढत थेट बैठकीच्या खोलीत येऊन बसलं.

त्या बाहुलीला पुढे ‘मूक साक्षीदार’ असं नाव पडलं. आता ती तिथल्याच संग्रहालयात आहे. या नावाची मला गंमत वाटते आणि रागही येतो. कारण बोलू शकणारे साक्षीदार त्या परिसरात हजारोंनी होते. ॲपोमॅटॉक्स परगण्यातली निम्म्याहून जास्त वस्ती गुलामांची होती. त्या सकाळी लीच्या सैन्याची शेवटची वाट ज्या फौजांनी अडवली, त्यांत काळ्या सैनिकांच्या पलटणी होत्या. आणि तिथून जवळच, कोलमन नावाच्या माणसाच्या घरात, हॅना रेनॉल्ड्स ही गुलाम बाई तोफेचा गोळा लागून जखमी होऊन पडली होती. त्या दिवशीच्या लढाईत जखमी होऊन पुढे मेलेली ती एकमेव बिगरसैनिक. ज्यांच्यासाठी (किंवा ज्यांच्यावरून म्हणा) चार वर्षं माणसं मरत होती, त्यांच्यापैकी एकही जण मॅक्लीनच्या खोलीत नव्हता.

मराठीत आपण असल्या युद्धाला यादवी म्हणतो. मूळ यादवीत प्रभासच्या किनाऱ्यावर लव्हाळ्यांनी एकमेकांना मारून सगळेच संपले, त्यामुळे कोण कुणाला शरण जाणार हा प्रश्नच आला नाही. बाकीच्या यादव्यांना शेवट करावा लागतो, आणि तो करायला बहुतेक वेळा पुढे येतात ते सेनापतीच. ते योग्य आहे का? माझं मत असं की लढाई त्यांनी थांबवावी, आणि सढळ हाताने थांबवावी. यादवी मिटवायचं काम मात्र त्यांच्या हातात देऊ नये. अमेरिकेचं उदाहरण घेतो, कारण तिथे दहा दिवसांच्या आत दोन सेनापतींनी दोन कागद लिहिले आणि दोहोंतला फरक लख्ख दिसतो.

आधी ग्रँटचा कागद. तो चिखलाने माखलेल्या बुटांनिशी, शिपायाच्या साध्या डगल्यावर हुद्द्याच्या पट्ट्या लावून आला होता. ली नव्या कोऱ्या गणवेशात, कमरेला तलवार. दोघं मेक्सिकोच्या युद्धात एकाच सैन्यात होते. त्या जुन्या दिवसांच्या गप्पा इतक्या रंगल्या की आपण कशासाठी आलोय हेच मी विसरत चाललो होतो, असं ग्रँटने आत्मचरित्रात लिहिलं आहे. कामाची आठवण लीलाच करून द्यावी लागली. मग ग्रँटने आपल्या हुकूमवहीत अटी खरडल्या. अधिकारी आपल्यासाठी आणि आपल्या माणसांसाठी पुन्हा न लढण्याचं वचन देतील. बंदुका-तोफा जमा होतील. अधिकाऱ्यांची कमरेची हत्यारं, स्वतःचे घोडे आणि सामान त्यांच्यापाशीच राहील. आणि शेवटी: प्रत्येकाने घरी जावं, दिलेलं वचन आणि तो राहतो तिथले कायदे पाळतोय तोवर अमेरिकेचं सरकार त्याला हात लावणार नाही.

लीने एक शंका काढली. आमच्याकडे घोडदळ आणि तोफखान्यातल्या साध्या शिपायांचेही घोडे त्यांचे स्वतःचे असतात. ग्रँट म्हणाला, कागदात तसं नाही. पण हे बहुतेक छोटे शेतकरी असणार, पेरणी तोंडावर आहे, घोड्याशिवाय पुढच्या हिवाळ्याची बेगमी कशी करतील? घोडा-खेचर माझं म्हणेल त्याला ते नेऊ द्या, असं मी सांगून ठेवतो. लीचं सैन्य उपाशी होतं. २५,००० माणसांचा शिधा पाठवायचं ठरलं. अटींची शाईतली प्रत काढली एली पार्करने. हा सेनेका जमातीचा. कायदा शिकलेला, पण मूळनिवासी म्हणून देशाचा नागरिक नाही, या कारणाने वकिलीची सनद नाकारलेला. मॅक्लीनच्या दौतीतली शाई वाळून गेली होती. ती लीच्या सहायकाने, मार्शलने, खिशातल्या दौतीतून दिली. मार्शलला उत्तर लिहायला कागद हवा होता, तो पलीकडून मिळाला.

या कागदाला मी नावं ठेवणार नाही. अलीकडे असं म्हणायची पद्धत आहे की ग्रँट फार मऊ वागला, लीला आणि त्याच्या चार-दोन सरदारांना तिथेच लटकवायला हवं होतं, म्हणजे पुढचं रामायण टळलं असतं. मला ते पटत नाही. त्याच सकाळी लीच्या तोफखान्याच्या पोर्टर अलेक्झांडरने सुचवलं होतं की शरण जाण्यापेक्षा माणसांना रानात पांगवावं, प्रत्येकाने बंदूक घेऊन आपापल्या राज्यात जावं. लीने नकार दिला. उपाशी, बेशिस्त माणसं लुटारू होतील, त्यांचा पाठलाग करत शत्रूचं घोडदळ गावोगाव शिरेल आणि देश सावरायला वर्षानुवर्षं लागतील, हे त्याला दिसत होतं. हा नकार देणं त्याला सोपं गेलं ते पलीकडून सन्मानाची वाट दिसत होती म्हणून. ती वाट नसली की काय होतं ते स्पेनने आपल्या यादवीच्या शेवटी, १९३९ मध्ये पाहिलं. कर्नल कासादोने माद्रिदमध्ये आपलंच प्रजासत्ताक सरकार उलथवलं. हिशेब असा की जिंकत आलेला बंडखोर सेनापती फ्रँको राजकारण्यांशी नाही तरी सैनिकांशी बोलेल. फ्रँको काहीही द्यायला तयार झाला नाही. पुढच्या काही वर्षांत गोळ्या घालून मारलेल्यांची संख्या हजारोंनी, दहा-दहा हजारांनी मोजावी लागते. शरण आलेल्याला घरी जाऊ देणं ही माया नव्हे, तो युद्ध थांबवण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

ग्रँटने शब्दही पाळला. जून १८६५ मध्ये लीवर देशद्रोहाचा आरोप ठेवला गेला तेव्हा, वचन पाळणाऱ्या माणसावर खटला भरता येणार नाही, असं त्याने ठणकावलं, राजीनाम्याची भाषा केली, आणि खटला बारगळला.

पण मला त्या कागदापेक्षा त्याच्या आधीचा एक हुकूम मोठा वाटतो. फेब्रुवारीच्या शेवटी केंद्राकडचा जनरल ऑर्ड आणि लीचा सरदार लाँगस्ट्रीट यांची सहज म्हणून भेट झाली. लाँगस्ट्रीट हा ग्रँटच्या बायकोचा नातलग. दोघांनी एक कल्पना काढली: राजकारणी काही मिटवत नाहीत, आपण सेनापतींनीच भेटावं, बायकांनी एकमेकींकडे जाणंयेणं सुरू करावं, मनं जुळली की तह आपोआप होईल. ऐकायला किती गोड! लीने ग्रँटला तसं पत्रही पाठवलं. ग्रँटने ते वर विचारलं. ३ मार्चला युद्धमंत्री स्टँटनच्या सहीने पण लिंकनच्या तोंडून उत्तर आलं: लीशी बोलायचं ते फक्त त्याच्या सैन्याच्या शरणागतीबद्दल किंवा निव्वळ लष्करी बाबींबद्दल. कोणत्याही राजकीय प्रश्नावर ठरवायचं नाही, चर्चा करायची नाही. ते प्रश्न राष्ट्राध्यक्षाच्या हातात आहेत आणि तो ते सेनापतींच्या बैठकीपुढे ठेवणार नाही.

म्हणून ८ एप्रिलला लीने ‘शरणागती नको, शांततेबद्दल बोलू’ असं सुचवलं तेव्हा ग्रँटने ९ तारखेला सकाळी सरळ कळवलं की शांततेची बोलणी करायचा मला अधिकार नाही. जिंकत आलेला सेनापती, समोर शत्रू गुडघ्यावर, आणि तो लिहितो की मला अधिकार नाही. जगाच्या पाठीवर असे सेनापती किती निघतील?

केंद्राचाच दुसरा सेनापती शर्मन तसा निघाला नाही. ॲपोमॅटॉक्सनंतर आठवड्याने, १७ एप्रिलला, उत्तर कॅरोलायनात डरहॅमजवळ जेम्स बेनेट नावाच्या शेतकऱ्याच्या घरात तो बंडखोरांच्या जनरल जोसेफ जॉन्स्टनला भेटला. सकाळी रॅलीहून आगगाडीत चढताना त्याच्या हातात सांकेतिक तार पडली: लिंकनचा खून झालाय. त्याने तारमास्तरला तोंड बंद ठेवायला बजावलं, तार खिशात घातली, आणि बेनेटच्या खोलीत दोघंच उरल्यावर जॉन्स्टनपुढे धरली. जॉन्स्टनच्या कपाळावर घामाचे टपोरे थेंब आले, असं शर्मनने लिहून ठेवलं आहे. दोघंही मनातून हादरलेले. सैन्यांना बातमी कळली तर कत्तल होईल ही धास्ती. दुसऱ्या दिवशी ब्रेकिन्रिजही आला. हा एकेकाळी अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष होता आणि आता बंडखोरांचा युद्धमंत्री. शर्मनने दोघांना व्हिस्की पाजली आणि स्वतः लेखणी घेतली.

त्याने लिहिलं ते वाचून आजही डोकं धरावंसं वाटतं. बंडखोर सैन्यांनी आपापल्या राज्याच्या राजधानीत जाऊन तिथल्या शस्त्रागारात हत्यारं ठेवावीत. म्हणजे हत्यारं पुन्हा बंडखोर राज्यांच्याच ताब्यात! राज्यांतल्या पुढाऱ्यांनी शपथ घेतली की तीच सरकारं मान्य होतील. सगळ्यांचे राजकीय हक्क, जीविताचे आणि मालमत्तेचे हक्क अबाधित राहतील. सरसकट माफी. गुलामगिरीबद्दल अवाक्षर नाही. ज्या समाजात चाळीस लाखांच्या घरात माणसं कालपरवापर्यंत मालमत्ता म्हणून खातेवहीत होती, तिथे मालमत्तेच्या हक्काची मोघम हमी म्हणजे काय, हे शर्मनच्या लक्षात आलं नसेल? नंतर तो म्हणाला, गुलामगिरी मेलीच आहे हे जॉन्स्टन आणि ब्रेकिन्रिज दोघांनीही बोलण्यात कबूल केलं होतं. बोलण्यात! सावकारापुढे अंगठा उठवणाऱ्या आपल्या आज्याला विचारा, बोलण्यातलं आणि कागदावरचं यात काय अंतर असतं ते.

मंत्रिमंडळाने तो कागद २१ तारखेला फेटाळला. स्टँटनने तर शर्मनची वर्तमानपत्रांतून शोभा केली, ती गरजेपेक्षा फार जास्त होती. ग्रँट गाजावाजा न करता स्वतः रॅलीला गेला, मित्राला समजावलं, आणि २६ एप्रिलला जॉन्स्टन ग्रँटच्याच धाटणीच्या अटींवर शरण आला. सुमारे ८९,००० माणसं. त्या युद्धातली सगळ्यात मोठी शरणागती. (इथे जॉन्स्टनलाही श्रेय द्यायला हवं. त्याच्या राष्ट्राध्यक्षाने घोडदळ घेऊन निसटायचा हुकूम केला होता, तो त्याने धुडकावला.) पुढे महिन्याभराने वॉशिंग्टनच्या विजयसंचलनात शर्मनने सगळ्यांसमक्ष स्टँटनचा पुढे आलेला हात टाळला. जॉन्स्टनशी मात्र त्याची मैत्री जन्मभर टिकली. १८९१ च्या फेब्रुवारीत शर्मनच्या अंत्ययात्रेत म्हातारा जॉन्स्टन बोचऱ्या थंडीत उघड्या डोक्याने चालला, आजारी पडला आणि पाच आठवड्यांत गेला. गोष्ट म्हणून हृद्य आहे. पण मला तिच्यात माझाच मुद्दा दिसतो: शर्मनला समोरचा शत्रू आपल्या जातीचा वाटत होता, स्वतःचा युद्धमंत्री वाटत नव्हता.

आता हाच शर्मन तीन महिने आधी पाहा. १२ जानेवारी १८६५, जॉर्जियातलं सव्हाना. शर्मन आणि स्टँटन यांच्यापुढे वीस काळे धर्मोपदेशक आणि चर्चचे पुढारी बसले आहेत. बोलण्यासाठी त्यांनी गॅरिसन फ्रेझर या ६७ वर्षांच्या उपदेशकाला पुढे केलं आहे. त्याने हजार डॉलर सोन्या-चांदीत मोजून स्वतःची आणि बायकोची सुटका विकत घेतली होती. गुलामगिरी म्हणजे काय, असं विचारल्यावर तो म्हणाला, दुसऱ्याचं काम त्याच्या संमतीशिवाय जबरदस्तीने घेणं. स्वतःच्या पायावर कसे उभे राहाल? जमीन द्या, आम्ही आमच्या हातांनी कसू. गोऱ्यांच्यात मिसळून राहाल की वेगळे? वेगळे, कारण दक्षिणेत आमच्याबद्दल जो आकस आहे तो जायला वर्षं लागतील. चार दिवसांनी शर्मनने हुकूम काढला: किनाऱ्यालगतची जप्त जमीन, कुटुंबाला चाळीस एकरांपर्यंत. सुमारे ४०,००० माणसं त्या जमिनीवर वसली.

शर्मन काही समतावादी नव्हता. काळ्या सैनिकांना आपल्या फौजेत घ्यायलाही त्याची कुरकुर असे. तरी समोर फ्रेझर बसला तेव्हा त्याच्या लेखणीतून चाळीस एकर उतरले आणि समोर जॉन्स्टन बसला तेव्हा मालमत्तेची हमी उतरली. माणूस तोच, टेबलाच्या पलीकडचा माणूस बदलला. त्याच्या चांगुलपणाबद्दल वाद घालण्यात मला रस नाही.

सैनिकाला सैनिक कळतो. शिधा संपल्याचं दुःख, घोड्याची किंमत, कमरेची तलवार काढून देताना काय वाटतं, हे त्याला सांगावं लागत नाही. बंदुका खाली ठेवायच्या असतात तेव्हा हाच बंधुभाव कामाला येतो, कुणा वकिलाला ते जमणार नाही. पण त्याच बंधुभावामुळे खोलीबाहेरचा माणूस नजरेआड जातो. लीचा पराभव पाहून मला आनंद झाला नाही, खिन्न वाटलं, असं ग्रँट लिहितो. आणि लगेच पुढे, माणसांनी ज्यांच्यासाठी शस्त्र उचललं अशा वाईटातल्या वाईट कारणांपैकी ते एक होतं, असंही लिहितो. दोन्ही एका वाक्यात मावतात ही त्याची थोरवी. देशाने मात्र वाक्याचा पहिला अर्धा भाग पाठ केला.

लिंकनच्या हुकुमात एक कच्चा धागा होता. राजकीय प्रश्न राष्ट्राध्यक्षाच्या ‘हातात’ आहेत, असं तो म्हणाला. ११ एप्रिलला त्याने शेवटचं भाषण केलं आणि त्यात प्रथमच जाहीरपणे सुचवलं की काही काळ्या माणसांना, निदान जे आपल्या बाजूने सैनिक म्हणून लढले त्यांना, मताचा अधिकार मिळावा. ऐकणाऱ्यांत जॉन विल्क्स बूथ होता. तीन दिवसांनी त्याने गोळी झाडली. ज्या हातांत शांततेचा कागद होता ते हातच गेले, आणि मागे उरला ग्रँटचा एक पानी कागद. तो लढाईपुरता होता. पण दुसरा कोणता कागदच नसल्यामुळे लोक त्यालाच तहनामा समजू लागले. बंडखोरांचं सरकार वॉशिंग्टनने कधी मानलंच नाही, त्यामुळे तह करायला समोर पक्षही नव्हता. सेनापतींनी हात मिळवले, घोडे घरी गेले, म्हणजे भांडण मिटलं!

नवा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन याने मे महिन्यात माफीचा जाहीरनामा काढला आणि वर्ष संपायच्या आत शर्मनची वाटलेली जमीन जुन्या मालकांना परत द्यायला लावली. फ्रेझरची माणसं पुन्हा मजूर. ‘तो राहतो तिथले कायदे’ हे ग्रँटच्या अटीतले शब्द आठवा. १८६५ च्या नोव्हेंबरात मिसिसिपीने तिथले कायदे केले: काळ्या माणसाकडे कामाचा करार नसेल तर तो भटक्या, त्याला दंड, दंड भरता आला नाही तर त्याला मजुरीवर दिलं जाईल. घरी सोडलेल्यांपैकी काहींनी त्याच हिवाळ्यात टेनेसीत कू क्लक्स क्लॅन ही काळ्यांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची गुप्त संघटना काढली. तिचा म्होरक्या झाला तो नेथन फॉरेस्ट हा जनरल तर स्वतःच वचन देऊन सुटलेला. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर ग्रँटने १८७१ मध्ये क्लॅनविरुद्ध सैन्य वापरलं, दक्षिण कॅरोलायनाच्या नऊ परगण्यांत विनाचौकशी अटकेचे अधिकार घेतले. मॅक्लीनच्या दिवाणखान्यात जे त्याच्या अधिकारात नव्हतं ते तो सहा वर्षांनी करू पाहत होता. तोवर देशाला कंटाळा आला होता.

१३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार. लुइझियानातलं कोलफॅक्स. निवडणुकीच्या वादातून कोर्टाच्या इमारतीत काळे रक्षक ठाण मांडून बसले होते. बाहेर गोऱ्यांचा जमाव तोफ घेऊन आला. पुढारी नॅश हा बंडखोर सैन्यातला जुना अधिकारी. इमारतीला आग लागली, आतल्यांनी पांढरं फडकं दाखवलं. शरण आलेल्यांपैकी बरेच जण नंतर मारले गेले. मेलेल्यांचे आकडे साठपासून दीडशेपर्यंत सांगितले जातात. ॲपोमॅटॉक्सला आठ वर्षं आणि चार दिवस झाले होते. या शरणागतांना ना शिधा मिळाला, ना घरी जायचा परवाना. ज्या थोड्या जणांना शिक्षा झाली तेही १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिले.

त्याच १८७३ मध्ये पुण्यात महात्मा फुल्यांचं ‘गुलामगिरी’ निघालं. ते त्यांनी अर्पण केलं आहे अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, ज्यांनी काळ्यांना दास्यातून सोडवायला निरपेक्षपणे स्वार्थत्याग केला त्यांना. आणि माझ्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छा जोडली आहे. मी ते पान अनेकदा वाचलं आहे. पूर्वी अभिमानाने वाचायचो, कोलफॅक्सची तारीख कळल्यापासून जरा अडखळतो. फुल्यांचं चुकलं असं मला म्हणायचं नाही. ज्या लोकांना त्यांनी पुस्तक वाहिलं ते खरेच होते आणि त्यांनी केलेला त्यागही खरा. पण बेडी तोडणं आणि सुटलेल्याच्या हातात काही देणं ही दोन कामं आहेत, हे फुल्यांइतकं कुणाला ठाऊक होतं? म्हणून तर ते शाळा काढत फिरले. (जाता जाता: अध्यक्षपद सोडल्यावर ग्रँट जगप्रवासाला निघाला तेव्हा फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरला होता. ग्रँट रोड मात्र त्याचा नव्हे, तो गव्हर्नर रॉबर्ट ग्रँटचा.)

आपल्या आठवणीतली शरणागती म्हणजे ढाक्याची. १६ डिसेंबर १९७१, रमणा रेसकोर्स, पाकिस्तानचा नियाझी सही करतोय, शेजारी भारताचे अरोरा. तो फोटो कितीतरी घरांत आणि शाळांत लागला. आपल्यासाठी ते भारत-पाक युद्ध. पण मार्चपासून तिथे चाललं होतं ते एका देशाचं सैन्य त्याच देशाच्या माणसांवर घालणं, म्हणजे यादवीच. त्या फोटोत बंगाली मुक्तिवाहिनीचे सरसेनापती उस्मानी नाहीत. त्यांची कारणं वेगवेगळी सांगितली जातात. त्यांच्या वतीने खंदकार हजर होते. भारताच्या जे. एफ. आर. जेकबनी मसुदा घेऊन ढाक्यात नियाझीला वळवलं ते कौतुकास्पदच. शहरातलं घरोघरचं युद्ध टळलं, ९३,००० माणसं कैद झाली. शरण येणाऱ्यांना जिनिव्हा कराराप्रमाणे वागवण्याचं वचन त्या कागदात होतं आणि ते असायलाच हवं होतं. पण युद्धगुन्ह्यांसाठी ज्या १९५ पाकिस्तानी अधिकारी-सैनिकांवर खटले चालवायचे ठरले होते, त्यांचं काय झालं? दिल्लीत तीन देशांचा करार झाला आणि क्षमा म्हणून तेही घरी गेले. बांगलादेशाची त्यावर सही आहे, पाकिस्तानकडून मान्यता मिळवण्याचा सौदा त्यामागे होता, हे खरं. पण युद्धात बलात्कार झालेल्या ज्या बायकांना तिथे ‘वीरांगना’ म्हणतात, त्यांना त्या खोलीत कुणी बोलावलं होतं? कराराची तारीख ९ एप्रिल १९७४. हा निव्वळ योगायोग. तरी ती वाचून मी दचकलो.

यावर हमखास येणारा आक्षेप मला माहीत आहे. सगळ्या दुखावलेल्यांना टेबलाशी बसवायचं म्हटलं तर गोळीबार थांबायचा कधी? आक्षेप बरोबर आहे, म्हणूनच टेबलं दोन हवीत. कोलंबियाने हे करून पाहिलं. हवानात फार्क बंडखोरांशी बोलणी चालू असताना युद्धविराम, हत्यारं कुठे आणि कशी जमा करायची, हे ठरवायला सेवेतल्या लष्करी अधिकाऱ्यांची आणि बंडखोर कमांडरांची वेगळी तांत्रिक समिती बसली. एकमेकांना जंगलात शोधणारी माणसं नकाशांवर वाकून बसली आणि त्यांचं जमलंही. पण त्याच सुमारास, २०१४ मध्ये, बारा-बारा जणांच्या पाच तुकड्यांत साठ पीडित हवानाला गेले आणि दोन्ही बाजूंच्या तोंडावर बोलले. त्यांत बंडखोरांनी पळवलेले होते तसे सैन्याने आणि निमलष्करी टोळ्यांनी उद्ध्वस्त केलेलेही. करार रखडला, २०१६ च्या जनमतात निसटता पडला, दुरुस्त होऊन पुन्हा सह्या झाल्या. त्यानंतरही शेकडो माजी लढवय्ये मारले गेले आहेत, तेव्हा तिथे रामराज्य आलं असं मी म्हणणार नाही. फक्त सेनापतींच्या कागदाला तिथे कुणी अख्खी शांतता समजलं नाही, एवढंच.

१२ एप्रिल १८६५ ला ॲपोमॅटॉक्सला हत्यारं जमा करण्याचा सोहळा झाला. केंद्राच्या चेंबरलेनने आपल्या ओळींना शस्त्रं खांद्याशी नेऊन मानवंदना द्यायला लावली. समोरून येणाऱ्या जॉन गॉर्डनने घोडा वळवून तलवार टेकवत तिला उत्तर दिलं. चेंबरलेनने म्हातारपणी तो प्रसंग बराच रंगवून लिहिला, पण मानवंदना झाली होती. हा गॉर्डन पुढे सिनेटर झाला, जॉर्जियाचा गव्हर्नर झाला आणि मधल्या काळात तिथल्या क्लॅनचा प्रमुख म्हणून त्याचं नाव घेतलं जाई. हॅना रेनॉल्ड्स ९ एप्रिललाच, म्हणजे गुलाम म्हणूनच, मेली असं वर्षानुवर्षं समजलं जात होतं. पुढे नोंद सापडली. ती तीन दिवस जगली आणि १२ तारखेला, मानवंदनेच्याच दिवशी, गेली. स्वतंत्र बाई म्हणून. २०१५ मध्ये, दीडशे वर्षांनी, गावाने तिचा अंत्यविधी नव्याने केला आणि परगण्यातल्या सुटलेल्या प्रत्येक गुलामासाठी एक, असे ४,६०० दिवे लावले.